दुसरं ताट

मानवी पोषण संशोधन गट, विद्यापीठ
३ नोव्हेंबर १९९७

प्रिय मोठ्या मावशी,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. राग जरा बाजूला ठेव, कारण तुझ्या नामाकोवे गावाला आमचं सगळं खातंच येतं आहे.

आमचे प्रमुख, प्राध्यापक सिलुंग्वे, यांनी लहान मुलांच्या आहाराचा मोठा अभ्यास हाती घेतला आहे. मुलं काय खातात हे आयांना विचारून कळत नाही, त्या तोंडाला येईल ते सांगतात, असं त्यांचं ठाम मत आहे. म्हणून त्यांनी दुसऱ्या ताटाची पद्धत घेतली आहे. निवडलेल्या घरात आई मुलाला जे वाढेल, तेच आणि तेवढंच तिने आणखी एका ताटात वाढायचं. पहिलं ताट मुलाचं. दुसरं आमची माणसं डब्यात भरून, बर्फाच्या पेटीत घालून इकडे आणणार. इथे ते यंत्रात वाटायचं आणि त्यात अंगाला लागण्यासारखं किती आहे ते मोजायचं. कोणतं गाव ऐकेल असं प्राध्यापकांनी विचारलं, तेव्हा मी छाती फुगवून तुझं नाव सांगितलं. तुझी नात जेलिनाही निवडलेल्या मुलांत आहे.

आता महत्त्वाचं. शाळेतली सकाळची पेज चालू ठेवायची की बंद करायची, हे जिल्ह्याची शिक्षण कचेरी आमच्या अहवालावरून ठरवणार आहे. त्या पेजेचा हंडा तू इतकी वर्षं सांभाळते आहेस. सकाळी तेवढंच पोटात पडतं म्हणून किती पोरं शाळेत येतात, हे तुला माहीत आहे, पण कचेरीला नाही. ताटात काय कमी आहे ते एकदा आकड्यांत दिसलं, की पेजेला हात लावायची कुणाची छाती होणार नाही. माझी डॉक्टरेटही याच आकड्यांवर उभी राहायची आहे, पण ते जाऊ दे.

तेव्हा बायकांना तू समजाव. आणि एक कर, खास असं काही करू नका. रोजचंच वाढा.

तुझी,
मलिता

---

नामाकोवे
१७ नोव्हेंबर १९९७

चि. मलिता हिला मोठ्या मावशीचे आशीर्वाद.

आधी तुझं सांगते. गेल्या खेपेला आलीस तेव्हा तुझ्या गळ्याची हाडं लांबून दिसत होती. लोकांनी काय खावं हे ठरवणाऱ्या खात्यात तू नोकरी करतेस आणि तुझी ही कळा, यावर गावात बरंच बोलून झालं. तुझी बाजू मी घेतली, पण फार वेळ घेता आली नाही.

पेजेच्या हंड्यापाशीच बायका बसवल्या आणि तुझं यंत्र समजावून सांगितलं. मग फालेसीने तोंड उघडलं. तुला ती आठवत असेल, पलीकडच्या घरातली, जिच्या जिभेला हाड नाही. ती म्हणाली, भुकेचे महिने तोंडावर आलेत आणि आम्ही शिजवलेलं अन्न यंत्राला घालायचं? ज्याला दात नाहीत, पोट नाही, त्याला? बाकीच्यांनी माना डोलावल्या. सभा हातातून जायला लागली.

मग मी माझ्या रीतीने सांगितलं. म्हटलं, दुसरं ताट यंत्रासाठी नाही, प्राध्यापक सिलुंग्वेंसाठी आहे. मोठा माणूस, लांब राहतो, त्याला इथे येऊन बसायला वेळ नाही, म्हणून ताटच त्याच्याकडे जाणार. आणि पेजेचा निकाल त्याच्याच हातात आहे. एवढं म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. खरं सांगायचं तर माझ्याही तेव्हाच पडला. फालेसीने तर लगेच विचारलं, त्यांना तिखट चालतं का.

तू निर्धास्त राहा. तुझी मान खाली जाईल असं काही या गावातून जाणार नाही.

तुझी मोठी मावशी,
एनेलेसी

---

विद्यापीठ
९ जानेवारी १९९८

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी खात्यात वाचून दाखवलं. प्राध्यापकांच्या ताटाची तुझी युक्ती ऐकून सगळे पोट धरून हसले. तू काही का सांगितलं असेना, ताटं वेळेवर येत आहेत आणि भरलेली येत आहेत, यातच सगळं आलं.

पण मावशी, आकडे पाहून आम्ही चक्रावलो आहोत. ऐन भुकेच्या महिन्यांत, जुना मका संपलेला असताना, नामाकोवेची मुलं अंडी खात आहेत, कोंबडी खात आहेत, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली मासळी खात आहेत. इथे शहरात माझ्या ताटात एवढं नसतं. प्राध्यापकांना आधी वाटलं, यंत्र बिघडलं. यंत्र दुरुस्त करणारा माणूस येऊन ते ठणठणीत असल्याचं सांगून गेला. मग वाटलं, डबे बदलले असतील. तेही नाही. आणि त्याच मुलांना तराजूवर उभं करावं, तर काटा हलायला तयार नाही. जेलिनाचं वजन मी स्वतः पाहिलं आणि मला रडू आलं.

प्राध्यापकांनी या प्रकाराला 'नामाकोवेचं कोडं' असं नाव दिलं आहे आणि ते फार खुशीत आहेत. असं कोडं सापडावं म्हणून माणसं जन्मभर वाट पाहतात, असं ते म्हणाले. उत्तरही त्यांनी काढलं आहे. गावात अन्न आहे, कमी आहे ते ज्ञान. मुलांपुढे ताट येतं, पण ते कसं भरवावं हे आयांना कळत नाही.

मला हे पटत नव्हतं, पण आकड्यांपुढे काय बोलणार. तेव्हा तुला विचारते, रागावू नकोस. जेलिनाला तू जवळ बसून भरवतेस ना? की ताट तिच्यापुढे सरकवून हंड्याकडे पळतेस? बिनआईची पोर आहे, तिच्याकडे जरा लक्ष दे.

तुझी,
मलिता

---

नामाकोवे
२० जानेवारी १९९८

मलिता,

या वेळी आशीर्वाद लिहीत नाही. ते तुला पुढच्या पत्रात मिळतील, मिळाले तर.

जेलिनाने अंडं खाल्लं हे तुला कुणी सांगितलं? अंडं प्राध्यापकांच्या ताटात गेलं. जेलिनाने ते उकडताना पाहिलं, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध.

पाहुण्याच्या ताटात आणि घरच्या पोराच्या ताटात एकच वाढतात, हे तू कुठल्या घरात पाहिलंस? तुझ्या आईच्या घरात? तुझे वडील जेवायला बसले की कोंबडीच्या पोटातला तो कडक तुकडा कुणाच्या ताटात जायचा, आणि पाहुणा आला की तो वडिलांच्या ताटातून उठून कुणाकडे जायचा, हे विसरलीस का तू? तुम्हा भावंडांना रस्सा मिळायचा. तोही पुरायचा नाही.

आता ऐक, तुझं गाव काय करतं आहे ते. पहिल्या दिवशी फालेसीने कोंबडा कापला. मग पुढच्या घराला भाजी-पाल्यावर भागवणं शक्य होतं का? त्यांनी माहेरून मासळी आणवली. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांना शेजाऱ्यांनी दिलं, कारण डबा एका घरचा असला तरी नाव गावाचं. तुझी माणसं कुणाची पाळी कधी ते आधी कळवतात, ते एक बरं आहे, तयारीला वेळ मिळतो. माझ्या पाळीला मी पाहुण्याचा तुकडा पाल्याच्या भाजीखाली झाकून ठेवला, प्राध्यापकांना अवचित सापडावा म्हणून. घरात होतं नव्हतं ते एका ताटात गेलं, की दुसऱ्यात काय उरतं, याला यंत्र लागत नाही. ज्या दिवशी डबा जातो त्या दिवशी पोरं रोजच्यापेक्षा कमी खातात. सकाळच्या पेजेवर दिवस काढतात.

एवढं करून तुझ्या प्राध्यापकांनी आजवर रिकामा डबाच परत पाठवला. आपल्याकडे भरून आलेलं भांडं कुणी मोकळं परत करतं का? मूठभर मीठ तरी घालतं. बायका कुजबुजतात, पण मी त्यांना गप्प करते. इतकं जेवलेला माणूस खाल्ल्या मिठाला जागेल आणि पेजेचा विषय निघाला की दोन शब्द चांगले बोलेल, या एकाच आशेवर हे गाव कोंबड्या कापतं आहे.

आणि तू मला विचारतेस, मी माझ्या नातीला भरवते का.

एनेलेसी

---

विद्यापीठ
६ फेब्रुवारी १९९८

प्रिय मावशी,

आधी माफी. जेलिनाबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी अहवाल कचेरीला गेला होता. मी पत्र वाचत होते, तेवढ्यात वाटणारं यंत्र खडखड करून बंद पडलं. यंत्रावरच्या माणसाने पात्यांत अडकलेली वस्तू चिमट्याने काढून माझ्या हातावर ठेवली आणि विचारलं, हा रबराचा तुकडा अन्नात कसा? मावशी, तो पाहुण्याचा तुकडा होता. डब्यावर चिठ्ठी होती, जेलिना, वय सहा. सहा वर्षांच्या मुलीच्या ताटात तो तुकडा! आपल्या मुलखातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला यात काय चुकलं ते कळलं असतं. आमच्या खात्यात सगळे याच मुलखातले, सगळ्यांच्या घरी तो तुकडा बापाच्या ताटात गेलेला, आणि दोन महिने आम्ही डबे उघडून कोडी घालत बसलो. मीही त्यांतलीच.

तशीच प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी तुझं पत्र शांतपणे वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मिस मलिता, मी त्या गावातला एक घासही खाल्लेला नाही. मग मी त्यांचा पाहुणा कसा?"

मी म्हटलं, सर, पण त्यांनी तुम्हाला वाढलं. त्यावर ते म्हणाले की मावशीचं पत्र हा पुरावा नव्हे, आणि कोडं परिषदेत मांडायला त्यांना बोलावणंही आलेलं आहे. आता ते सुटलेलं बरं दिसणार नाही.

पेज सुरू करायला कचेरीला वर्षं लागली होती. बंद करायला एक आठवडा पुरला. या सोमवारपासून हंडा उतरवायचा हुकूम निघाला आहे. पेजेच्या जागी ज्ञान मिळेल. म्हणजे रंगीत तक्ते आणि चौरस आहाराचं एक गाणं. गाणं शिकवायला प्राध्यापक चोवीस तारखेला स्वतः नामाकोवेला येत आहेत.

मी भांडले, मावशी. खात्यात आता माझ्याशी कुणी धड बोलत नाही. त्यांना पटेल अशी एकच गोष्ट माझ्या डोक्यात येते आणि ती फक्त तुला जमण्यासारखी आहे. त्या दिवशी त्यांना जेवायला जेलिनाचं ताट वाढ. ती जे खाते तेच आणि तेवढंच. त्यापेक्षा तू आपला कान कापून देशील, हे मला माहीत आहे. तरी मागते.

तुझी,
मलिता

---

नामाकोवे
१ मार्च १९९८

चि. मलिता, आशीर्वाद. मागचे राहिलेलेही यातच धर.

तुझं पत्र वाचून मी ते चुलीत घालायला निघाले होते. दारात आलेल्या माणसाला न्सिमा वाढायचा, तोही पिठाचा नाही, मक्याच्या कोंड्याचा उकडलेला गोळा? जो आम्ही शेजारणीला दिसू नये म्हणून दार लोटून खातो? फालेसीला सांगितलं तर ती म्हणाली, हंडा गेला तर जाऊ दे, गावाचं नाव नको जायला. बायका माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. मी स्वतःच माझ्याशी बोलत नव्हते. माझ्याकडे एक कोंबडी उरली आहे, ती मी दोनदा धरली आणि दोनदा सोडली.

शेवटी जेलिनामुळे ठरलं. हंडा उतरल्यापासून ती शाळेत जात नाही. जा म्हटलं तर जाते म्हणते, वळणापर्यंत जाते आणि तिथेच दगडावर बसून राहते. एवढ्या लांब चालून तिथे आता काय आहे, असं मला विचारते.

प्राध्यापक आले. माणूस गोराबिरा नाही, आपल्यासारखाच आहे, फक्त पोट पुढे आणि चष्मा. तक्ते झाडाला टांगले. एवढं मोठं अंडं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मग गाणं. सकाळी अंडं खा, दुपारी मासळी खा, रंगीत फळं खा, असं काहीतरी. चाल मात्र चांगली आहे. बायका तालावर टाळ्या वाजवत, कंबर हलवत गात होत्या आणि प्राध्यापकांना वाटत होतं, ज्ञान आत जातं आहे. पोरांनी तक्त्यावरचा मासा बोटाने चोळून पाहिला.

मग जेवण. त्यांना माझ्या अंगणात खुर्ची दिली. फालेसी हातावर पाणी घालायला गुडघ्यावर बसली, पण माझ्याकडे बघेना. मी ताट ठेवलं आणि झाकण काढलं. कोंड्याचा गोळा, मुठीएवढा, आणि मीठ-पाण्यात उकडलेला भोपळ्याचा पाला. सगळं गाव जमिनीकडे बघायला लागलं. वाढताना आपण म्हणतो ना, काही नाही हो, गोड मानून घ्या, ते तोंडावर आलं होतं. जन्मभर भरल्या ताटापुढे म्हटलेलं ते वाक्य, जिथे खरं होतं तिथे म्हणता आलं नाही.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं, बाकीची भांडी येतील म्हणून. मग विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "दुसरं ताट. पहिलं माझ्या नातीने आत्ता खाल्लं. तेच आहे आणि तेवढंच आहे."

त्यांनी ताट जवळ ओढलं. एक घास खाल्ला. कोंडा घशात अडकतो, त्यांचाही अडकला. जेलिनाला बोलावून तिचं रिकामं ताट पाहिलं, तिच्या दंडाला हात लावला. मग विचारलं, आजवर डब्यात आलं ते काय होतं? मी सांगितलं, ते तुमचं होतं. मलिता, तो माणूस खुर्चीतून ताडकन उठला. डोळे चमकायला लागले. खिशातून कागद काढून उभ्याउभ्याच लिहायला लागला. मला वाटलं, पेजेचं लिहितो आहे. देवाचे आभार मानले मी. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, मावशी, तुम्ही मला फार मोठी गोष्ट दिलीत.

आणि मग त्याने ते ताट, एक घास खाल्लेलं, डब्यात भरलं आणि बर्फाच्या पेटीत घालून घेऊन गेला. तो गेल्यावर ते मी जेलिनाला देणार होते.

पेज कधी सुरू होते ते कळव.

तुझी मोठी मावशी

---

विद्यापीठ
१० मार्च १९९८

प्रिय मावशी,

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिते.

प्राध्यापक परत आले ते वाऱ्यावर स्वार होऊन. जुनं कोडं त्यांनी केरात टाकलं. आता नवा शोध लागला आहे, त्याचं नाव 'यजमान परिणाम'. जगात जिथे जिथे दुसऱ्या ताटाची पद्धत वापरली, तिथे तिथे पाहुण्याचंच ताट मोजलं गेलं असणार, असा त्याचा अर्थ. परिषदेने त्यांना आता आधीपेक्षा मोठ्या दालनात बोलायला सांगितलं आहे. नामाकोवेच्या अंगणात बसल्या बसल्या आपल्याला हे कसं सुचलं, ते रोज चहाच्या वेळी सांगतात. लेखात माझं नाव दुसरं आहे. तू शेवटी आभारात आहेस, 'एक स्थानिक महिला'.

पेजेचं विचारलं. म्हणाले, तो विषय आता अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय कचेरीला इतक्या लवकर उलटं लिहिलं तर पहिला अहवाल चुकला असं दिसेल. मी म्हटलं, चुकलाच आहे. म्हणाले, चुकला नाही, पुढे गेला.

आता त्यांना नामाकोवेत दुसरा अभ्यास करायचा आहे, या वेळी खरी ताटं हवीत. दुसरं गाव चालणार नाही, कारण शोध तुमच्याच गावाचा. आणि तो लगेच हवा, नवा मका घरात यायच्या आत. त्यांचे शब्द असे, "एकदा मका निघाला की नमुना बिघडेल." म्हणजे पोरं जेवायला लागतील. ते ऐकून मी खोलीबाहेर गेले, नाहीतर माझ्या हातून काहीतरी घडलं असतं.

खात्यातर्फे विनंती करायचं काम मला दिलं आहे. तेव्हा खात्यातर्फे विनंती करते की ताटं द्यावीत. माझ्यातर्फे एवढंच सांगते, घाई त्यांना आहे.

तुझी,
मलिता

---

नामाकोवे
१७ मार्च १९९८

चि. मलिता,

तुझ्या खात्याला उत्तर. या वेळी सांगायला मी एकटी नाही, सगळ्या बायका माझ्या अंगणात बसल्या आहेत आणि फालेसी मी काय लिहिते ते खांद्यावरून वाचते आहे. तिला वाचता येत नाही, पण वाचते आहे.

हंडा चुलीवर चढल्याशिवाय या गावातून एकही डबा भरणार नाही. पीठ सोयाबीन घातलेलं हवं, पूर्वीसारखं. पेज पातळ नको, चमचा उभा राहिला पाहिजे. नवा मका आल्यावरही चालू राहील आणि अभ्यास संपल्यावरही, असं कचेरीने सही-शिक्क्यानिशी शाळेच्या दारावर लावावं.

तक्ते परत न्यायचे असतील तर न्या. अंड्याचा तक्ता मात्र मिळणार नाही. तो एका घराच्या गळक्या छपराला लागला आहे.

प्राध्यापकांना सांग, आम्हाला घाई नाही. आम्ही भुकेला सरावलो आहोत, ते ताटांविना किती दिवस काढतात बघू.

एनेलेसी आणि बाकीच्या

---

विद्यापीठ
२४ मार्च १९९८

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. आधी ते लाल झाले. हा अडवणुकीचा प्रकार आहे म्हणाले. मग खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, पाऊस ओसरलाय, मका वाळत चाललाय. दुपारी जेवलेही नाहीत. संध्याकाळी स्वतः गाडी काढून कचेरीत गेले.

ज्या साहेबाने पेज बंद केली, त्यानेच ती सुरू करायच्या कागदावर सही केली. पेनसुद्धा तेच असेल. मुलांना भूक लागते म्हणून पेज मिळाली नाही. प्राध्यापकांना भूक लागली म्हणून मिळाली. कागदावर तिला आता पेज म्हणत नाहीत, 'सहभाग प्रोत्साहन आहार' म्हणतात. काहीही म्हणू देत. पोती शुक्रवारी निघतील आणि शिक्क्याचा कागद त्याच गाडीत आहे.

आता तुम्ही शब्द पाळायचा. बायकांना बजावून सांग, या वेळी पाहुणा कुणी नाही. पोराच्या ताटात जे असेल तेच आणि तेवढंच दुसऱ्यात. पाल्याची काडी इकडची तिकडे होता कामा नये.

तुझी,
मलिता

---

नामाकोवे
२ एप्रिल १९९८

चि. मलिता हिला पोटभर आशीर्वाद.

हंडा चढला. चमचा उभा राहतो. शिक्क्याचा कागद शाळेच्या दारावर आहे आणि वाऱ्याने उडू नये म्हणून फालेसीने तो उकडलेल्या पिठाने असा चिकटवला आहे की दार मोडल्याशिवाय निघणार नाही. जेलिना आता वळणावर थांबत नाही. मी हंडा घेऊन पोचते तेव्हा ती वाटी घेऊन आधीच बसलेली असते.

बायकांनी शब्द दिला आहे आणि पाळत आहेत. सोपं नाही, बाई. डबा भरताना फालेसी दुसरीकडे तोंड फिरवते. तिच्या डब्यातून कोंड्याशिवाय काही गेलं नाही, आणि त्या दिवशी ती आजारी पडल्यासारखी घरात पडून होती. मोजताना हे कुठे दिसलं तर लिहून ठेवा.

काल माझी पाळी होती. तुझ्या प्राध्यापकांपासून वाचलेली ती कोंबडी मी कापली. कुणासाठी कापली असं गावाने विचारलं, कारण अंगणात कुणी आलेलं नव्हतं. मी चूल फुंकली. शिजवलं आणि जेलिनाच्या ताटात वाढलं, वर तो तुकडा ठेवला. तिने हात लावला नाही. आधी दाराकडे पाहिलं, पाहुणा कुठे आहे म्हणून. मी म्हटलं, खा, आज तूच पाहुणी. तिने तो बराच वेळ चावला, डोळे मोठे करून गिळला आणि मला विचारलं, "मोठी माणसं यासाठीच भांडतात?"

मग दुसरं ताट वाढलं. रस्सा तेवढाच, मांडी तेवढीच, न्सिमाचा गोळाही हाताने तोलून तेवढाच. काडीचा फरक केला नाही. पण तो तुकडा काही मला दोनदा वाढता आला नाही.

प्राध्यापकांनी विचारलं तर सांग, एका कोंबडीत तो एकच असतो, आणि या खेपेला तो पहिल्या ताटात गेला.

तुझी मोठी मावशी,
एनेलेसी